मानाचं बीळ

एका जंगलात, बाळांनो, राजाचे दात पडले.

राजा अर्थातच सिंह होता. दात पडल्यामुळे महाराजांना कच्चं मांस चावेना. दोन दिवस त्यांनी नुसतं चोखून पाहिलं. मग दरबार भरला आणि ठरलं, की यापुढे महाराजांचं जेवण शिजवून द्यायचं.

शिजवायला आग लागते आणि आगीला सरपण लागतं. पण झाडं तोडायला पक्ष्यांचा विरोध होता, आणि पक्षी फार ओरडतात. तेव्हा कोल्हेसाहेबांनी एक तोड काढली. कोल्हेसाहेब म्हणजे त्या जंगलाचे न्यायाधीश. जंगलाच्या खालच्या अंगाला एक मोठी दलदल होती. तिच्यात पालापाचोळा कुजून वायू निघत असे, आणि तो पेटतही असे. हा वायू पोलादी पाइपात भरायचा, पाइप जमिनीखालून न्यायचा, आणि टेकडीवरच्या मुदपाकखान्यात त्याचं तोंड काढायचं, अशी ती योजना होती. पाइप माणसांकडून आणला. कसा आणला ते विचारू नका. माणसांनीही विचारलं नाही.

दलदलीपाशी एक प्रचंड भाता बसवला. तो दाबायला गजराव नावाचा हत्ती नेमला. वायू चढावर जायचा तर त्याला दाब लागतो, आणि दाब म्हटलं की हत्तीच. जमिनीतल्या ओलीने पाइप गंजू नये म्हणून त्याच्यावर डांबरी पट्टी गुंडाळायची होती. ते काम हुप्प्याशेठ नावाच्या वानराने घेतलं. राहिलं चर खणणं. ते साळिंदरांनी करायचं ठरलं, कारण त्यांना खणता येतं आणि त्या दरबारात त्यांच्यापैकी कोणी हजर नव्हतं.

पाइप भात्यापासून निघून जिथे पहिलं वळण घेत होता, तिथेच साळूबाईचं बीळ होतं. साळूबाई, तिचा नवरा काटेराव, आणि काट्या नि सुई ही दोन पोरं. तापट बाई. बोलताना काटे उभे राहत, आणि ती सारखीच बोलत असे.

तिच्या बिळाखालून पाइप गेला तेव्हा दरबाराने तिला 'पाइपाची मानकरी' असा किताब दिला. मानकऱ्याने पाइपावर लक्ष ठेवायचं. मानकऱ्याला दरबारात पुढे बसायला मिळे. मात्र मानकऱ्याला बीळ सोडून जाता येत नसे. मान हा असाच असतो, बाळांनो. तो देताना कोणी विचारत नाही आणि परत करायला गेलं की अपमान केला म्हणतात.

पण खोटं कशाला सांगू, सुरुवातीला सगळं छान चाललं होतं. दाबलेला वायू गरम होतो, आणि बीळ भात्याजवळ. त्यामुळे थंडीत बिळाची जमीन ऊबदार राही. काट्या आणि सुई पाइपावरच्या मातीत पोट टेकून झोपत. काटेराव म्हणे, "राजाच्या दातांनी आपलं भलं केलं."

आता जमिनीखाली काय चाललं होतं ते सांगते. ते नीट ऐका, कारण दरबारात ते कोणी ऐकलं नाही.

सरळ पाइपावर पट्टी चांगली बसते. वळणावर ती बसत नाही, फुगते. हुप्प्याशेठच्या वानरांनी वळणावरही ती तशीच ओढून गुंडाळली. बाहेरून झकास दिसत होती. आतून तिने पाइपाला सोडलं होतं. पट्टी आणि पाइप यांच्यामध्ये एक पोकळी राहिली.

वळणाच्या वरच्या बाजूला वराहपंत नावाच्या रानडुकराचा चिखल होता. चुनखडीचा चिखल, वर कुजलेला पाला. वराहपंत त्यात रोज लोळत, कातडीला बरं पडतं म्हणून. त्या चिखलाचं पाणी झिरपत झिरपत खाली आलं आणि त्या पोकळीत जाऊन बसलं. तिथून त्याला कोणी उठवलं नाही.

पाइपाशेजारी जस्ताचा एक ठोकळाही पुरलेला होता. पाइपाच्या वाटचं गंजणं आपल्या अंगावर घ्यायचं, एवढंच त्याचं काम. असे नोकर हल्ली मिळत नाहीत. पण फुगलेल्या पट्टीच्या आत त्याचं काही चालत नव्हतं. तो बिचारा बाहेरच गंजत राहिला.

आणि गजराव रोज दोनदा, महाराजांच्या न्याहारीला आणि जेवणाला, भाता दाबे. दाब वाढला की पाइपाचं अंग ताणलं जाई. जेवण झालं की दाब उतरे. पुन्हा ताण, पुन्हा ढील.

असं होता होता त्या वळणावर, पट्टीखाली, पोलादाला चिरा पडू लागल्या. केसाहून बारीक. पाइपाच्या लांबीला धरून, एकीशेजारी एक, पुष्कळ. दाब वाढला की चीर जराशी उघडे. ओल आत जाई आणि चिरेचं टोक थोडं कुरतडे. मग पुढच्या जेवणाला ती अजून थोडी उघडे. नुसत्या ओलीने पाइप गंजला असता, पण चिरला नसता. नुसत्या दाबाने काहीच झालं नसतं. दोघं मिळून मात्र पोलाद फाडत होती, आणि पट्टी वरून त्यांना आडोसा देत होती.

जमिनीखालचं कोणाला दिसत नव्हतं, म्हणून ते होत नाही असं सगळ्यांनी धरलं होतं.

शेवटी त्या चिरा एकमेकींना जाऊन मिळाल्या. एका सकाळी महाराजांना जरा जास्त भूक लागली. गजरावाने भात्यावर जरा जास्त भार दिला. वळणावर पाइप उभा फाटला. माती आभाळात गेली.

काटेराव कंद घेऊन घरी येत होता. तो अगदी वळणावर आला होता.

इथे हसायचं नाही, बाळांनो. मला काटेराव आवडत असे. तो बायकोचं सगळं ऐकून घ्यायचा आणि वर तिच्यासाठी कंद आणायचा.

महाराजांची न्याहारी कच्ची राहिल्यामुळे चौकशी ताबडतोब सुरू झाली.

आता त्या दरबाराची एक रीत होती. एका वेळी एकच आरोपी बोलवायचा. दोन आरोपी एकत्र उभे करायचे नाहीत. रीत जुनी होती आणि तिला कारणही होतं. महाराजांच्या आजोबांच्या काळी एका भांडणात ससा आणि लांडगा दोघांना एकदम उभं केलं होतं. निकाल वाचायच्या वेळी लांडगा एकटाच उरला होता आणि त्याची काही तक्रार नव्हती. तेव्हापासून दरबार सावध झाला.

पहिल्या दिवशी गजराव आला.

"दाब तुम्ही दिलात?" कोल्हेसाहेबांनी विचारलं.

"दिला ना. नोकरीच आहे माझी," गजराव म्हणाला. "पण साहेब, भात्याच्या अंगणात याच पाइपाचा एक तुकडा कोरडा ठेवलाय. त्यात मी रोज इतकाच दाब भरतो. चला, बघा. एक चीर दाखवलीत तर सोंड कापून देईन."

दरबार उठून अंगणात गेला. तुकडा पाहिला. एकही चीर नव्हती. गजराव निर्दोष सुटला.

दुसऱ्या दिवशी वराहपंत आले. चिखलातूनच आले.

"ओल माझीच हाये," ते म्हणाले. "मी कुटं नाय म्हन्लो? पर असल्याच पाइपाचा एक तुकडा माझ्या चिखलात कवापासनं पडलाय. मी त्येला पाठ घासतो. गंजलाय, खरंय. पर चिरलाय का? बगा की!"

दरबार चिखलापाशी गेला. तुकडा लालभडक गंजला होता. चीर नव्हती. वराहपंत निर्दोष सुटले. परत येताना कोल्हेसाहेबांचे पाय भरले, तेवढाच काय तो त्रास.

तिसऱ्या दिवशी हुप्प्याशेठ आला. त्याने येतानाच हात जोडले.

"साहेब, पट्टी फुगली असेल. मी नाही म्हणत नाही. पण पट्टी नसली म्हणून पाइप फुटतो का? मुदपाकखान्यापाशी, खडकावर, बघा ना. तिथे पाइप उघडाच आहे. पट्टीचा पत्ता नाही. फुटलाय का?"

फुटला नव्हता. खडक उन्हात तापलेला, खडखडीत कोरडा. हुप्प्याशेठही निर्दोष सुटला, आणि नव्या पाइपाला पट्टी गुंडाळायचं काम त्यालाच मिळालं, कारण त्याला आता अनुभव होता.

प्रत्येक जण अगदी खरं बोलला होता. हे लक्षात ठेवा. त्या दरबारात कोणीही खोटं बोललं नाही.

साळूबाई पुढे बसली होती. मानकरीच ती. ती उठली, आणि तिचे सगळे काटे उठले.

"अवो साहेब, एकेकाला काय इचारताय? माझ्या दारात तिगंबी एकाच वक्ताला हुते! तिगांना एकदम हुबं करा आन् मग इचारा!"

"बाई, रीत नाही," कोल्हेसाहेब शांतपणे म्हणाले.

"मंग माझं बीळ तरी हलवू द्या. नवा पाइप तितंच घालताय, त्याच वळनावर. त्योच हत्ती, तीच पट्टी, त्योच चिखूल. नवरा गेला माझा. दोन पोरं हायेत. मला नदीपल्याड जाऊ द्या."

"धोका असता तर आम्हीच तुम्हाला हलवलं असतं," कोल्हेसाहेब म्हणाले. "पण धोका कोणापासून? तिघेही निर्दोष आहेत. आणि मानकरीच निघून गेली तर लोक म्हणतील, पाइपात काही दोष आहे."

महाराजांनी मान हलवली. त्यांना भूक लागली होती.

साळूबाई घरी परत आली. नवा पाइप बसला. पोरं पुन्हा त्या ऊबदार मातीवर पोट टेकून झोपायला लागली. ती त्यांना तिथून ओढून काढी. ती झोपली की पोरं पुन्हा तिथेच जात. थंडीचे दिवस होते आणि पोरं लहान होती, त्यांना काय सांगणार. साळूबाईची झोप गेली. भाता दाबल्याचा आवाज आला की ती पोरांवर अंग टाकून बसे.

स्फोटाने बिळाचं छत सैल झालं होतं. तेही कधी बसेल याचा नेम नव्हता.

मग सांत्वनाला शेजारी आले. वाईट शेजारी नव्हते ते.

गजराव आला. त्याचे डोळे खरंच भरून आले होते. "वहिनी, काटेराव माझा मित्र होता. मी काय करू शकतो सांगा."

बाहेर फाटलेल्या पाइपाचा एक लांब पातळ तुकडा पडला होता. साळूबाईने तो दाखवला. गजरावाने तो सोंडेने वाकवला, धनुष्यासारखा ताणून बिळात बसवला आणि त्यावर छत तोललं. झकास टेकू झाला.

हुप्प्याशेठ आला. तो रिकाम्या हाताने येणारा नव्हता. उरलेली डांबरी पट्टी घेऊन आला. "पोरांना पोलाद लागायचं, साळूताई," असं म्हणून त्याने ती टेकूवर भराभर गुंडाळली. टेकू वाकडा होता. पट्टी जिथे फुगायची तिथे फुगली.

वराहपंत आले. त्यांनी आपला चांगला चुनखडीचा चिखल आणला आणि छत आतून लिंपून दिलं. "गळनार नाय बग आता," एवढंच म्हणाले.

छत गळलं नाही. ओल फक्त टेकूवरून हळूहळू खाली उतरत राहिली. पट्टीच्या आतून.

साळूबाईने तिघांनाही कंद दिले. तिलाही तेव्हा काही सुचलं नाही. एरवी भांडणाऱ्या माणसाशी कोणी प्रेमाने वागलं की त्याचं डोकं चालत नाही.

थंडी सरत आली तेव्हा एका दुपारी टेकूतून 'टक्' असा आवाज झाला. साळूबाई दाराशी होती. तिने मागे वळून पाहिलं तो छताचा एक भाग खाली आला. सुई त्याच्याखाली होती. साळूबाईने नखं तुटेपर्यंत माती उपसली. सुई जिवंत निघाली. तोंडात चिखल, एक पाय लचकलेला, आणि रडायचंही विसरलेली.

मोडलेला टेकू बाजूला पडला होता. साळूबाईने तो उचलून पाहिला. पट्टी फाडली. आत पोलाद फारसं गंजलंही नव्हतं. पण जिथे ते सगळ्यात जास्त ताणलेलं होतं, तिथे केसासारख्या चिरा होत्या. एकीशेजारी एक. मधली एक आरपार गेली होती.

तिने सुईला पाठीवर घेतलं, काट्याला पुढे घातलं, आणि तो तुकडा ओढत ती दरबारात गेली.

"ह्यो बगा," ती म्हणाली. आवाज बसला होता. "रीत मोडत न्हाई म्या. तिगांना आनलं न्हाई. येकच तुकडा आनलाय. पर ह्यात तिगंबी हायेत. ताण गजरावभावजींचा. ओल वराहपंतांची. पट्टी शेठची. येकल्यानं कुनी काय केलं न्हाई, हे मला म्हाइतीये. तिगं मिळून पोलाद मोडत्यात. माझ्या घराखालच्या पाइपात हेच चाललंय, आत्ता, ह्या घडीला. उकरून बगा. न्हाईतर माझी पोरं तरी मरनातनं काढा."

कोल्हेसाहेबांनी तुकडा हातात घेतला. उजेडात धरला. चिरा मोजल्या नाहीत, पण नीट पाहिल्या. ते हुशार होते, बाळांनो. त्यांना सगळं कळलं. महाराजांनाही कळलं, आणि महाराजांना सहसा कळत नसे.

"बाई, तुम्ही म्हणता ते सिद्ध झालं," कोल्हेसाहेब म्हणाले.

साळूबाईचे काटे पहिल्यांदाच खाली बसले.

"ही तीन कारणं एकत्र आली की पोलाद फुटतं. एकेकटी आली तर फुटत नाही. बरोबर?"

"बराबर, साहेब."

"म्हणजे दोष त्या तिघांपैकी कोणाचाच नाही. दोष एकत्र येण्याचा आहे."

"व्हय," साळूबाई म्हणाली.

"मग हे तिघे या टेकूवर एकत्र आणले कोणी?"

साळूबाईने गजरावाकडे पाहिलं. गजराव म्हणाला, "मी तर सांत्वनाला गेलो होतो." हुप्प्याशेठ म्हणाला, "मीही." वराहपंतांनी मान खाली घातली.

"तुकडा तुमचा. घर तुमचं. तिघांना आत घेतलंत तुम्ही," कोल्हेसाहेब म्हणाले. "आणि पहिल्या वेळेलाही पाइप कुठे फुटला? तुमच्याच दारात. गजराव भात्यावर राहतो, वराहपंत चिखलात, शेठ झाडावर. हे तिघे सगळ्या जंगलात फक्त एका जागी एकत्र येतात, आणि ती जागा म्हणजे तुमचं बीळ. आज शेवटी गुन्हेगार सापडला."

दरबाराने सुटकेचा निःश्वास टाकला. इतके महिने गुन्हा होता आणि गुन्हेगार नव्हता, हे सगळ्यांनाच खटकत होतं. गजरावाने तर सोंडेने डोळे पुसले.

निकाल तिथल्या तिथे झाला. साळूबाईचा मान काढून घ्यावा. तिला दोन्ही पोरांसह नदीपल्याड हाकलून द्यावं. पुन्हा या काठावर पाऊल ठेवू देऊ नये.

"तुम्हाला काही म्हणायचं आहे?" कोल्हेसाहेबांनी विचारलं. विचारायची रीत होती.

साळूबाईने तोंड उघडलं. सगळे सावरून बसले, कारण तिची जीभ सगळ्यांना माहीत होती. पण ती तशीच थांबली. तिने एकदा सुईकडे पाहिलं, एकदा काट्याकडे.

"ही शिक्षा कवापासनं?" तिने विचारलं.

"आत्तापासून."

"बरं," साळूबाई म्हणाली, आणि पोरांना घेऊन इतक्या लगबगीने निघाली, की हाकलायला नेमलेले लांडगे मागे राहिले. काटेराव जिथे गेला त्या वळणावर तिने क्षणभर पाय थांबवले. मग ती उतारावरून खाली गेली आणि नदी ओलांडली.

मानाचं बीळ रिकामं राहणं बरं दिसलं नसतं. गुन्हेगार शोधून काढल्याबद्दल ते कोल्हेसाहेबांना देण्यात आलं. कोल्हेसाहेबांना ते आधीपासूनच आवडलं होतं. जमीन ऊबदार होती आणि दरबारात जायची वाटही सोपी. छताला नवा टेकू बसवून द्यायला शेजारी आपणहून आले. पाइप उकरून बघायची गरज उरली नव्हती, कारण गुन्हेगार नदीपल्याड होता.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी साळूबाई नदीपल्याड कंद उकरत होती. एक मोठा आवाज आला. पाण्यावर शहारे उठले. पलीकडे, भात्याजवळच्या त्या वळणावर, माती उडाली आणि बराच वेळ खाली येत राहिली.

साळूबाईने कंद तिथेच टाकला आणि धावत जाऊन पोरं मोजली. दोन होती. तिने ती पुन्हा मोजली. मग ती त्यांना पोटाशी घेऊन बसली आणि मोठमोठ्याने रडली, काटेरावासाठी, जे तिला आतापर्यंत जमलं नव्हतं.

तात्पर्य : ज्या गावात सगळेच निर्दोष सुटतात, तिथे राहू नये. शक्य तितक्या लवकर गुन्हेगार ठरून निघून जावे.